तुपावरचा आळ

‘तूप सोडलं, वडे-भजी सोडली, तरी ट्रायग्लिसराइड्स २८० कसे?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. सकाळी पोहे, दोन्ही वेळा भात, दिवसभरात गोड चहा, हेही त्यांनीच कळवलंय. म्हणजे उत्तर पत्रातच आहे. पण त्यामागचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले संशोधक एडवर्ड एरेन्स यांच्याकडे दोन परीक्षानळ्यांचं एक छायाचित्र होतं. दोन्हींत एकाच रुग्णाच्या रक्तातलं सीरम. एकीतलं नितळ, दुसरीतलं दुधासारखं पांढरं. पांढरं कधीचं? तुपातेलाच्या आहारावरचं, असं कुणीही पैजेवर सांगेल, आणि पैज हरेल! भरपूर स्निग्ध आहारावर सीरम नितळ होतं. साखर-स्टार्च वाढवल्यावर ते दुधाळलं. पोटात गेलेल्या जादा साखरेची यकृत चरबी करतं आणि ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात सोडतं. दारूनेही ट्रायग्लिसराइड्सचा आकडा चढतो. एरेन्स यांनी हे मांडलं १९६१मध्ये.

त्याआधीच, १९५९मध्ये, येल विद्यापीठातल्या मार्गारेट आल्ब्रिंक आणि एव्हलिन मान यांनी हृदयरुग्णांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतात, हे दाखवून दिलं होतं. पण तेव्हा सगळा गाजावाजा कोलेस्टेरॉलचा. या दोघींची नावं आज कितीजणांना ठाऊक आहेत?

अर्थात आकडा उतरला की हृदय वाचलं, असं सरळ गणितही नाही. पेमाफायब्रेट या औषधाची दहा हजारांहून अधिक मधुमेहींवर चाचणी झाली. ट्रायग्लिसराइड्स चांगले पाव हिश्शाने घटले, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत, निकाल २०२२चा. माशाच्या तेलाचंही तसंच. २०१८च्या एका चाचणीत शुद्ध इपीए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३ मेदाम्ल) रोज ४ ग्रॅम दिल्यावर फायदा दिसला, पण तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलावरून वाद पेटला. २०२०मध्ये दुसऱ्या ओमेगा-३ मिश्रणाची चाचणी चक्क फसली. दुकानातल्या साध्या कॅप्सूलवर भरवसा ठेवण्याआधी हे आठवावं.

त्यापेक्षा वजन पाच-दहा टक्के उतरवा. ट्रायग्लिसराइड्स वीसेक टक्के खाली येऊ शकतात. भात निम्मा, चहा बिनसाखरेचा, दारू बंद, रोज चालणं. थायरॉइड आणि रक्तातली साखरही तपासून घ्या, कारण मूळ दुखणं कधी कधी तिथेच असतं.

आकडा ५००च्या वर गेला तर मात्र गोष्ट बदलते. हजाराच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आणि ती जिवावर बेतू शकते. तिथे डॉक्टर तुपातेलालाही कात्री लावतात आणि औषध सुरू करतात.