पावसाळी सुटीतली चार पुस्तके आणि खोळीचा दर

आमचा धंदा गाद्या-रजयांचा. कापूस ओल धरू लागला की पिंजण्याचे यंत्र थांबते आणि यवतमाळच्या बाजारातले आमचे दुकान अर्धे झोपी जाते. लग्नसराई संपलेली, थंडी लांब. व्यापारी बंधूंना वर्षातून जी काही सुटी मिळते ती आमची अशी. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला झाली, पुढे पावसाची झड लागली आणि आम्ही चार पुस्तके घेऊन बसलो.

फसलेले आधी सांगतो. 'रिच डॅड पुअर डॅड' हे रॉबर्ट कियोसाकी आणि शॅरन लेक्टर यांचे १९९७ चे पुस्तक. बाजारातल्या तरुण मुलांच्या हाती हेच दिसते. राहते घर ही मालमत्ता नव्हे, कारण ते खिशातून पैसा काढते, हा त्यातला लाडका मुद्दा. ज्याच्या घराच्या ओट्यावर दुकान आणि मागच्या खोलीत कारखाना, त्याने तो कुठे लावावा? उत्साह भरपूर, पण माल, मजूर, उधारी यांचा आमच्या कामाचा हिशेब त्यात सापडला नाही. शेजारच्या मोबाइलवाल्याला दिले. त्याला आवडले म्हणे.

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) मुलांसाठी वाचनालयातून आणले होते, वाचले आम्ही. गुलामीत जन्मलेला हा माणूस १८९६ साली टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला जातो, भंगारातून प्रयोगशाळा उभी करतो आणि सतत कापूस घेऊन थकलेल्या जमिनीला भुईमूग-रताळ्यांचा उतारा सांगतो. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात हे काही परके वाटत नाही. पण आम्हाला पुढचा भाग अधिक भावला. इतका भुईमूग विकत घेणार कोण, हे ओळखून त्याने शेंगांपासून नाना वस्तू करून दाखवल्या. पिकाबरोबर गिऱ्हाइकाचाही विचार करणारा शास्त्रज्ञ विरळा.

स्वेन बेकर्ट यांचे 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) भाच्याने नागपूरहून आणले. जाडजूड, तेही इंग्रजी; अर्धेच झाले. वऱ्हाडाची पाने मात्र त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, इंग्रजांची नजर इकडे वळली. आगगाडी आली, रुई बाहेर गेली आणि इथले कातणारे-विणणारे मागे पडले. मूर्तिजापूरची आपली शकुंतला, आता बंद पडलेली, आम्हाला लहानपणीची गंमत वाटे. ती कापूस वाहून नेण्यासाठी टाकली होती, हे पिंजाऱ्याच्या घरात तरी आधीच ठाऊक असायला हवे होते.

चौथे मुहंमद युनूस यांचे 'बँकर टू द पुअर'. १९७६ साली चितगाव विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गावात त्यांना बांबूची स्टुले करणारी सुफिया बेगम भेटली. बांबूचे पाच टका ती व्यापाऱ्याकडून घेई. अट अशी की तयार माल त्यालाच द्यायचा, तो देईल त्या भावाने. दिवसभराच्या कामातून तिच्या हाती पन्नास पैसे उरत. अशा ४२ जणांची गरज मोजली तर सारी मिळून २७ डॉलर भरली. ती युनूस यांनी खिशातून भागवली. पुढे १९८३ साली ग्रामीण बँक झाली, २००६ साली नोबेल मिळाले. ही बँक व्याज घेते, तेव्हा आमच्या वाचकांना जो प्रश्न पडेल तो आम्हालाही पडला. पण आम्ही त्याच्या आधीच अडलो, त्या व्यापाऱ्यापाशी.

कारण आमच्याकडे सात बाया घरी खोळी शिवतात. कापड आमचे. अडीनडीला, ईदला उचल देतो. अट एकच, उचल फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाचे शिवण घ्यायचे नाही. याला आम्ही मदत समजत होतो. वही काढली. एका खालाची उचल तीन वर्षे फिटली नव्हती आणि तेवढ्या काळात तिचा दर आम्ही एका रुपयानेही वाढवला नव्हता. बाजारात तो वाढला होता. आमच्या पत्नीने वही पाहिली आणि म्हणाली, "व्याज घेत नाही म्हणता, मग हे काय घेता?"

ऑगस्टमध्ये अट काढली, दर बाजाराइतका केला. दोघी लगेच दुसरीकडचेही शिवू लागल्या. थंडीच्या तोंडावर ऐन गर्दीत आमच्या खोळी अडल्या, चार दिवस गिऱ्हाईक परत गेले. भाऊ अजून टोमणे मारतात. खालाची उचल मात्र संक्रांतीच्या सुमारास फिटली. शेवटचे पैसे देताना तिने वही मागितली आणि आपल्या नावावरची रेघ समोर बसून मारून घेतली.

कार्व्हर वाचनालयात परत गेले. बेकर्टचे उरलेले अर्धे पुढच्या झडीला.