आधी टाकलेलं कार्ड शेवटी का लागू होतं? 'मॅजिक' गेममधला 'स्टॅक' नेमका काय आहे?

'मॅजिक: द गॅदरिंग' खेळायला नव्याने बसलेल्यांमध्ये एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो, "मी आधी कार्ड टाकलं, म्हणजे माझं आधी." दुसरा म्हणतो, "पण माझं कार्ड जास्त फास्ट आहे." नियमांनुसार दोघांचंही चुकतंय.

रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा ट्रेडिंग कार्ड गेम 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. रमीत आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. इथे मात्र समोरच्याच्या पाळीतही कार्ड टाकता येतं. मग आधी कोणाचं कार्ड लागू होणार, हे ठरवण्यासाठी 'स्टॅक'चा नियम आहे.

स्टॅक म्हणजे काय?

स्वयंपाकघरातली ताटांची चळत आठवा. सगळ्यात शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. स्टॅकचंही तसंच. टाकलेलं कार्ड लगेच लागू होत नाही, ते चळतीत जातं. त्याला उत्तर म्हणून आलेलं कार्ड त्याच्यावर बसतं. लागू होताना मात्र वरून खाली, म्हणजे शेवटचं आधी.

तीच दोन कार्डं, निकाल उलटा

समजा, तुमच्याकडे 'ग्रिझली बेअर्स' हे अस्वल आहे. त्याची ताकद २ आणि सहनशक्ती २. समोरच्याने त्यावर 'लाइटनिंग बोल्ट' टाकलं, म्हणजे ३ नुकसान. तुम्ही उत्तरात 'जायंट ग्रोथ' टाकलं. त्याने ती पाळी संपेपर्यंत ताकद आणि सहनशक्ती दोन्ही ३ ने वाढतात. तुमचं कार्ड वर आहे, त्यामुळे अस्वल आधी ५/५ होतं. मग बोल्ट ३ नुकसान करतं आणि अस्वल वाचतं. पाळी संपताना वाढलेली ताकद जाते, पण नुकसानही त्याच क्षणी पुसलं जातं.

आता क्रम बदला. तुम्ही घाईने आधीच जायंट ग्रोथ टाकलं आणि समोरच्याने उत्तरात बोल्ट टाकलं. आता बोल्ट वर आहे. अस्वल २/२ असतानाच मरतं. जायंट ग्रोथला लक्ष्यच उरत नाही, त्यामुळे ते वाया जातं. समोरच्याचं एक कार्ड गेलं, तुमची दोन गेली.

म्हणूनच अनुभवी खेळाडू उत्तराचं कार्ड हातात राखून ठेवतात आणि समोरच्याला आधी चाल करू देतात.

उत्तर द्यायची संधी कधी मिळते?

या संधीला 'प्रायॉरिटी' म्हणतात. ज्याची पाळी सुरू असेल, त्याला ती आधी मिळते. मध्ये काही न टाकता दोघांनीही पाठोपाठ 'पास' केलं, की चळतीतलं फक्त सगळ्यात वरचं कार्ड लागू होतं. त्यानंतर पुन्हा दोघांना संधी मिळते.

नवे खेळाडू नेमकं हेच विसरतात. पहिल्या उदाहरणात अस्वल ५/५ झाल्यावरही जुना बोल्ट खाली थांबलेला आहे. समोरच्याकडे दुसरा बोल्ट असेल, तर तो आता टाकू शकतो. ३ अधिक ३, एकूण ६ नुकसान. अस्वल मेलं!

अर्थात, प्रत्येक कार्ड मध्येच टाकता येत नाही. 'इन्स्टंट' प्रकारची कार्डं चालतात. 'सॉर्सरी' आणि बहुतेक प्राण्यांची कार्डं मात्र स्वतःच्या पाळीतल्या मुख्य टप्प्यात, चळत रिकामी असतानाच टाकता येतात.

मारलं म्हणजे थांबलं?

हा आणखी एक गैरसमज. 'प्रॉडिगल सॉर्सरर' हा जादूगार, कार्ड आडवं केलं की १ नुकसान करतो. कार्ड आडवं झाल्यावर तुम्ही उत्तरात त्याला मारलंत, तरी ते १ नुकसान होतंच. एकदा चळतीत गेलेली क्षमता तिच्या मालकावर अवलंबून राहत नाही. दगड मारणारा पळून गेला, तरी सुटलेला दगड लागतोच.

'फास्ट कार्ड' हा शब्द आला कुठून?

सुरुवातीच्या काळात 'इंटरप्ट' नावाचा प्रकार होता आणि तो इन्स्टंटपेक्षा वेगवान मानला जायचा. नियम किचकट होते. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत स्टॅक आला आणि इंटरप्ट बंद झाले. समोरच्याचं कार्ड रद्द करणारं 'काउंटरस्पेल' आधी इंटरप्ट होतं, आता ते साधं इन्स्टंट आहे.

'यु-गि-ओ!'मध्येही उत्तरांची साखळी शेवटाकडून सुरुवातीकडे सुटते, पण तिथे वेगाचे तीन स्तर आजही आहेत. त्यामुळे एका गेमचा नियम दुसऱ्याला लावू नका.

वाद टाळायचा असेल, तर कार्ड टाकल्यावर "काही उत्तर आहे?" असं विचारा आणि समोरच्याचा होकार किंवा नकार येईपर्यंत थांबा. आणि उत्तर द्यायचं असेल, तर ते कार्ड लागू होण्याआधीच बोला. एकदा ते लागू व्हायला लागलं, की मध्ये कोणालाच काही टाकता येत नाही.