प्राथमिक शाळेतील विज्ञान : पाठांतराकडून पडताळ्याकडे

‘डासांमुळे कोणते रोग होतात?’ असा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला, की बहुतेक हात वर होतात. हिवताप, डेंग्यू, हत्तीरोग ही नावे मुले घडाघडा सांगतात. उत्तर बिनचूक असते आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. मात्र पुष्कळदा त्याच शाळेच्या मागील बाजूस वापराच्या पाण्याचे एखादे उघडे पिंप असते, त्यात डासांच्या अळ्या वळवळत असतात आणि मधल्या सुटीत तीच मुले त्या पिंपाजवळून धावत जातात. पुस्तकातील डास आणि पिंपातील अळी यांचा संबंध त्यांच्या मनात जुळलेला नसतो. प्राथमिक शाळेतील विज्ञान-शिक्षणाचा खरा प्रश्न या एका पिंपात सामावलेला आहे.

धोरणाची वाटचाल

शालेय शिक्षणात विज्ञानाला मानाचे स्थान मिळावे, हा विचार नवा नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय सर्वांना सक्तीचे असावेत, अशी शिफारस केली होती. पुढे १९७६ मधील ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत समाविष्ट करण्यात आली आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व जिज्ञासू वृत्ती यांचा विकास करणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य ठरले. जिज्ञासा हे ज्या देशात नागरिकाचे कर्तव्य मानले गेले आहे, तेथे तिची पहिली शाळा म्हणजे प्राथमिक शाळाच होय.

या दिशेने काही मोलाचे प्रयत्नही झाले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने उच्च प्राथमिक वर्गांतील मुलांच्या हाती प्रयोगाचे साहित्य दिले. हा कार्यक्रम २००२ पर्यंत चालला. मुंबई येथे १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली आणि या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतून काम केले. खेड्यातील मूल विज्ञानात मागे पडते ते बुद्धी कमी असल्यामुळे नव्हे, तर शिकवण्याची रीत आणि भाषा त्याच्यापासून दूर असल्यामुळे, हे अशा प्रयत्नांतून वारंवार दिसून आले.

प्रयोगशाळा दाराशीच

प्राथमिक स्तरावर विज्ञान म्हणजे व्याख्या व सूत्रे नव्हेत. नीट पाहणे, मोजणे, तुलना करणे, अंदाज बांधणे, तो पडताळून पाहणे आणि दिसले ते लिहून ठेवणे, एवढ्या सहा गोष्टी मुलाच्या अंगवळणी पडल्या, की या स्तरावरील विज्ञानाचा पाया घातला गेला असे समजावे. त्यासाठी काचेच्या कपाटांची आवश्यकता नाही.

वर उल्लेखिलेल्या पिंपाचेच उदाहरण घ्यावे. शिक्षकांनी त्यातील थोडे पाणी अळ्यांसह एका काचेच्या बरणीत घ्यावे व तोंडावर बारीक विणीचे कापड घट्ट बांधावे. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची अळी श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाशी डोके खाली करून लोंबकळते, तर हिवतापाच्या ॲनॉफिलिस डासाची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते. हा फरक मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतात. ती रोज चित्र काढतील आणि दिवस मोजतील. अळीचा स्वल्पविरामासारखा कोष झालेला दिसला, की निरीक्षण थांबवून ते पाणी कोरड्या जमिनीवर ओतून द्यावे.

अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवामानात साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास आरोग्य विभाग का सांगतो, याचे उत्तर मुलांच्या वहीतच तयार होते. एडिसची अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून राहतात व कोरडी पडली तरी दीर्घकाळ टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. एवढे ज्या मुलाला स्वतः पाहून कळले, ते घरी जाऊन रांजण घासण्याचा आग्रह धरल्याविना राहणार नाही.

दुसरे साधन म्हणजे अंगणात उभी केलेली एक सरळ काठी. दर पंधरा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण केली, की सावली सर्वांत लहान केव्हा होते ते समजते. ‘दुपारी बारा वाजता’ हे पाठ केलेले उत्तर येथे टिकत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेस आहे. त्यामुळे मुंबईत सूर्याची मध्यान्ह घड्याळातील बारा वाजल्यानंतर सरासरीने सुमारे चाळीस मिनिटांनी येते. राज्याच्या पूर्व टोकाकडे हे अंतर कमी होत जाते. डिसेंबरात मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते, तर जूनच्या उत्तरार्धात ऊन मिळालेच तर ती थोडी दक्षिणेकडे पडलेली दिसते. कारण संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचा धडा पाचवीच्या मुलाला एका काठीने असा समजावता येतो.

पुस्तकी स्पष्टीकरणाची परीक्षा

प्रयोग केला म्हणजे विज्ञान शिकवले, असेही नव्हे. ताटलीतील पाण्यात जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग सर्वपरिचित आहे. मेणबत्ती विझते व पेल्यात पाणी चढते. ‘प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ असे त्याचे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या देण्यात येते. ते बरोबर नाही. ज्योत विझते तेव्हा पेल्यातील सर्व प्राणवायू संपलेला नसतो आणि जेवढा खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार झालेली असते. पाणी चढण्याचे मुख्य कारण निराळे आहे. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते व तिचा काही भाग बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि पाणी वर ओढले जाते.

हे मुलांना सांगण्यापेक्षा शोधू द्यावे. पाणी ज्योत जळत असताना चढते, की मंदावून विझल्यानंतर झपाट्याने चढते? एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक का चढते? प्राणवायू तर पेल्यात तेवढाच होता. असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याला ‘पुस्तकात आहे तेच लिही’ असे सांगून गप्प बसविणे म्हणजे विज्ञानाचा तास चालू असताना विज्ञानच वर्गाबाहेर काढणे होय. ‘मलाही नक्की ठाऊक नाही, आपण करून पाहू,’ असे म्हणणाऱ्या शिक्षकांचा मान यत्किंचितही कमी होत नाही. उलट, ज्ञान कसे मिळवावे याचा वस्तुपाठच ते घालून देतात.

अडचणी आणि जबाबदाऱ्या

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, कमी वेळ आणि अहवालांचा भार, या अडचणी खऱ्या आहेत. तथापि काठीची सावली तिसरीच्या मुलांनी वितींनी मोजावी, चौथीने पट्टीने मोजावी आणि पाचवीने तिचा आलेख काढावा, अशी योजना केल्यास बहुवर्ग शाळेत एकच उपक्रम तिन्ही इयत्तांना पुरतो. मटकी एका वाटीत कोरडी, दुसरीत ओलसर आणि तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली, तर मोड येण्यास काय लागते, याची तुलना दोन-तीन दिवसांत होते.

पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी शाळा-भेटीत मुलांकडून व्याख्या म्हणवून घेण्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात काय पाहिले?’ असे विचारावे व निरीक्षण-वही पाहावी. त्या वहीत सगळ्यांचे आकडे अगदी सारखे असतील, तर ते कौतुकाचे नव्हे, काळजीचे लक्षण समजावे. प्रश्नपत्रिकेतही एखादा तरी प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर पाहिल्याखेरीज देता येणार नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद करण्यात आली आहे. पंचायत सदस्यांनी या समितीच्या साह्याने शाळेला परसबागेपुरती जागा, पाण्याची सोय, एखादा तापमापक व पर्जन्यमापक उपलब्ध करून द्यावा. मुलांनी नोंदवलेला पाऊस ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहिला जाऊ लागला, तर आपण केलेल्या मोजमापाचा गावाला उपयोग होतो, हे मुलांना उमगेल.

या सर्वांचे फलित कोठे पाहावे? ते गुणपत्रिकेत दिसेलच, असे नाही. वर्षअखेरीस शाळेमागील त्या पिंपावर झाकण आले आहे काय आणि ते बसविण्याचा आग्रह मुलांनी धरला होता काय, हे पाहावे. तसे झाले असेल, तर त्या शाळेत विज्ञान शिकवले गेले, असे निःशंकपणे म्हणता येईल.