रेघ चुकते कुठे?

लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीतल्या टिकझीत वर्तुळ काढायचं म्हणजे माऊस फिरवायचा नाही. केंद्र कुठे, त्रिज्या किती, हे लिहून द्यायचं. जर्मन संगणकशास्त्रज्ञ टिल टांटाऊ यांनी घडवलेल्या या व्यवस्थेत प्रबंधांतल्या आणि पाठ्यपुस्तकांतल्या असंख्य नेटक्या आकृत्या तयार होतात. पण आकृती बिघडली, तर ती पडद्यावर ओढून सरळ करता येत नाही. बिघाड मजकुरातच शोधावा लागतो. हजाराहून अधिक पानांच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक सोय सापडते, शोधायची नजर मात्र कामातूनच येते.

काही चुका स्वतःहून ओरडतात. रेखनाची प्रत्येक आज्ञा अर्धविरामाने संपते. तो राहिला, की लाटेकच्या मुळाशी असलेल्या डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकला आज्ञा संपल्याचं कळतच नाही. पुढची आज्ञा आली, की ते अडतं आणि ‘अर्धविराम विसरलात का?’ असं विचारतं. सोबतचा ओळक्रमांक असतो गोंधळ लक्षात आल्याचा. चूक त्याच्या वर कुठेतरी असते. बिंदूच्या निर्देशकांत वर्गमूळ किंवा साइन लिहिलं, तर आतला बंद कंस हाच निर्देशकाचा शेवट समजला जातो. अशी पदावली महिरपी कंसात घातली, की प्रश्न मिटतो.

‘आकारमान फार मोठं’ ही तक्रार मात्र नवख्याला चक्रावून टाकते, कारण त्याची आकृती वीतभरच असते. टेकला सुमारे १६,३८४ पॉइंटांपर्यंतच, म्हणजे पावणेसहा मीटरपर्यंतच लांबी मोजता येते. टॅनचा आलेख ९० अंशांच्या अगदी जवळ गेला, की हिशेबातली किंमत ती मर्यादा ओलांडते. कागद मोठा करून उपयोग नाही. आलेखाचा प्रांत अलीकडेच तोडावा लागतो.

मला खरी धास्ती वाटते ती मुकाट चुकांची. संदेश काही येत नाही, पीडीएफ तयार होते आणि आकृती खोटी असते. साइनचा आलेख ० ते ६.२८ काढायला सांगितला, तर लाट उमटत नाही, जेमतेम चढणारी जवळजवळ सरळ रेघ येते. टिकझी कोन अंशांत मोजतं. रेडियन हवे असतील, तर चलापुढे ‘आर’ लिहावा लागतो. आकृती दुप्पट केली, तरी चौकटींतली अक्षरं तेवढीच राहतात, कारण मोजपट्टी बिंदूंना लागू होते, मजकुराला आपोआप नाही. चौकटींची मांडणीही अशीच फसवते. ‘राइट ऑफ =’ हे जुनं रूप मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर धरतं, त्यामुळे लांब मजकुराच्या चौकटी एकमेकींवर चढतात. पोझिशनिंग लायब्ररीतलं ‘राइट = ऑफ’ कडेपासून कडेपर्यंत मोजतं. बरोबरीचं एक चिन्ह इकडचं तिकडे झालं, एवढाच काय तो फरक!

आकृतीभोवती विनाकारण पांढरी जागा दिसली, तर वक्ररेषा तपासाव्यात. वक्राला वळण देणारे नियंत्रणबिंदू कागदावर दिसत नाहीत, पण आकृतीची हद्द ठरवताना ते धरले जातात. हद्द डोळ्यांनी पाहायची असेल, तर आकृतीच्या शेवटी तिच्याभोवती लाल चौकट काढावी. शंका असलेल्या प्रत्येक बिंदूवर लाल ठिपका देण्याची सवयही फार कामाची. तरीही उलगडा होत नसेल, तर निम्म्या ओळींच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकून त्या बंद कराव्यात आणि दोष कोणत्या भागात उरतो ते पाहावं. असं निम्मं-निम्मं करत गेलं, की मोठी आकृतीसुद्धा चार-पाच ओळींवर येते आणि दोष उघडा पडतो.

मराठी नावं घातलेल्या आकृतीत आणखी एक अडचण येते. लाटेकचं पीडीएफलाटेक हे रूप देवनागरी अक्षरांपाशीच थांबतं. त्याऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावं लागतं. तिथेही फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आहे हे सांगायला हवं, आणि लुआलाटेक असेल तर हार्फबझ ही अक्षरजुळणी मागायला हवी. नाहीतर ‘त्रिज्या’ या शब्दातली वेलांटी मागे सरकते, जोडाक्षरं फुटतात. हा दोष टिकझीचा नसतो, म्हणून तो आकृतीच्या ओळींत शोधू नये. दस्तऐवजाच्या सुरुवातीला, फॉन्टच्या ओळीत पाहावं.