दोगोच्या टेकडीवरील देवस्थान



जपानच्या शिकोकू बेटावर मात्सुयामा नावाचे शहर आहे. तेथील ट्रामगाडीचा मार्ग जेथे संपतो, तेथे दोगो हे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव लागते. जपानच्या सर्वांत जुन्या इतिहासग्रंथांतही या झऱ्यांचा उल्लेख आहे. गावाच्या मधोमध १८९४ साली बांधलेले तीन मजली लाकडी स्नानगृह आहे. अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये ते पुन्हा पूर्णपणे खुले झाले. नात्सुमे सोसेकी हा थोर कादंबरीकार १८९५ साली मात्सुयामाच्या शाळेत इंग्रजी शिकवीत असे. पुढे १९०६ मध्ये त्याने 'बोच्चान' या कादंबरीत तेथील शिक्षकमंडळींची यथेच्छ टिंगल केली. आम्हां शिक्षकांना ती वाचताना थोडे सावरूनच बसावे लागते!

यात्रेकरूंची व प्रवाशांची सारी गर्दी या स्नानगृहाभोवती असते. तेथून थोड्याच अंतरावर एक सरळ चढाचा रस्ता टेकडीकडे जातो आणि १३५ दगडी पायऱ्यांशी येऊन थांबतो. पायऱ्यांच्या माथ्यावर शेंदरी रंगाचे दुमजली द्वार आहे. हेच इसानिवा नावाचे शिंतो देवस्थान. वर पोचेपर्यंत श्रोत्याला, म्हणजे चढणाऱ्याला, धाप लागते. गावाचा गलबला मात्र खालीच राहिलेला असतो.

आजची वास्तू १६६७ सालची आहे. मात्सुयामाचा सरदार मात्सुदाइरा सादानागा याला शोगुनाने घोड्यावरून नेमबाजी करून दाखविण्याची आज्ञा केली. त्याने हाचिमान देवाला नवस केला, नेम साधला आणि हे मंदिर बांधून नवस फेडला, अशी कथा आहे. नवसाची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. मंदिराची रचना मात्र जपानातही विरळा. पुढे एक व मागे एक अशी दोन स्वतंत्र छपरांची दालने एकमेकांस चिकटून उभी असतात. देव दिवसा पुढच्या दालनात असतो व रात्री मागच्या दालनात विसावतो, अशी या घडणीमागची परंपरागत समजूत आहे.

दर्शनाचा विधी थोडक्यात सांगतो. तोरी नावाच्या कमानीपाशी किंचित वाकावे. वाटेच्या मधून चालू नये, ती जागा देवाची. हौदापाशी उजव्या हातात पळी धरून डावा हात धुवावा, मग उजवा. नंतर डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी. पळी ओठांना लावणे असभ्यपणाचे. पुढे नाणे टाकून दोनदा वाकणे, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणे. सर्व शिंतो मंदिरांत सर्वसामान्यपणे दिसणारी ही पद्धत तशी अलीकडची, म्हणजे मेजी राजवटीनंतर रूढ झालेली आहे. इझुमोच्या प्रसिद्ध देवस्थानी आजही चार टाळ्या वाजवितात.

परधर्मीयाने तेथे काय करावे? हा प्रश्न माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसाला टाळता येत नाही. जपानमधील कॅथलिकांपुढे तो फार कठीण रूपात उभा राहिला होता. सरकार विद्यार्थ्यांना शिंतो मंदिरांत वंदनासाठी धाडी, आणि नकार देणे म्हणजे राजद्रोह समजला जाई. अखेर १९३६ साली रोमने कळविले, की असे वंदन हे नागरिकाचे देशप्रेम व राजनिष्ठा दर्शविणारे मानावे आणि त्यात भाग घेण्यास हरकत नाही. त्या निर्णयावर पुढे मतभेद झाले, व होणारच. आज तेथे कोणी कोणास वाकायला भाग पाडत नाही. माझ्या मते पाहुण्याने हात धुवावेत, टोपी काढावी, शांत उभे राहावे. ज्या देवाला आपण हाक मारीत नाही त्याच्यापुढे केवळ गंमत म्हणून टाळ्या वाजविणे, हा त्या भक्तांचाही अपमान आणि आपलाही.

आता ज्यासाठी मी हे देवस्थान निवडले ती गोष्ट. मंदिराच्या ओवरीत लाकडी फळ्या टांगलेल्या आहेत आणि त्यांवर वर्तुळे, त्रिकोण व लंबवर्तुळे रंगविलेली आहेत. या फळ्यांना संगाकु म्हणतात. भूमितीचा एखादा प्रश्न सुटला, की तो सोडविणारा मनुष्य आकृती व उत्तर फळीवर लिहून देवाला अर्पण करी. अर्पण करणाऱ्यांत सामुराई असत, तसेच व्यापारी व शेतकरीही असत. साऱ्या जपानात अशा सुमारे ९०० फळ्या उरल्या आहेत. त्यांतील २२ एकट्या इसानिवात आहेत.

संगाकुंवर आढळणाऱ्या प्रश्नांचा एक नमुना पाहा. एका सरळ रेषेवर दोन वर्तुळे परस्परांस स्पर्श करून उभी आहेत. एकाची त्रिज्या ३६, दुसऱ्याची ९. या दोहोंना व रेषेलाही स्पर्श करणारे लहान वर्तुळ मधल्या फटीत बसवायचे आहे. त्याची त्रिज्या किती? उत्तर ४. कसे, ते पायथागोरसचा सिद्धान्त जाणणाऱ्या मुलाने कागद घेऊन पडताळावे. १८७२ साली नव्या शिक्षणकायद्याने शाळांत पाश्चात्त्य गणित आणले आणि ही देशी विद्या मागे पडली. नवे गणित अधिक समर्थ होते, यात शंका नाही. परंतु उत्तर सापडल्याचा आनंद देवापुढे टांगण्याची चाल त्याबरोबर गेली, याची हळहळ वाटते.

शेजारच्या टेकडीवर यू जिंजा, म्हणजे ऊन पाण्याचे देवस्थान आहे. १७०७ च्या महाभूकंपात दोगोचे झरे आटले, तेव्हा लोकांनी तेथे प्रार्थना केली. १९४६ च्या भूकंपानंतरही पाणी खाली गेले व काही काळाने परत आले. शिकोकूत ज्वालामुखीची धग नाही. हे पाणी ग्रॅनाइट खडकाच्या खोल भेगांतून तापून वर येते. दक्षिणेकडील समुद्रतळाशी भूपृष्ठाचा तुकडा सरकला, की बेटावरील खडकाचा ताण बदलतो आणि पाण्याची पातळी उतरते. ज्या गावाची चूल या पाण्यावर पेटते, त्याला अशा दिवसांत काय वाटले असेल, हे राजापूरच्या गंगेची वाट पाहणाऱ्यांना सांगायला नको.

उतरताना पायऱ्या जपून उतराव्यात. त्या उभ्या आहेत. सकाळी सहाला, दुपारी बाराला व संध्याकाळी सहाला खालच्या स्नानगृहाच्या माडीवर नगारा वाजतो. संध्याकाळचा नगारा झाल्यावर ऊन पाण्यात पाय सोडून बसण्यास पुष्कळ वेळ असतो.