टर्नरचा हॅनिबल कुठे आहे?

इ.स.पू. 218 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्तींसह आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. इंग्लिश चित्रकार टर्नरने 1812 मध्ये हा प्रसंग रंगवला, पण चित्रात हॅनिबल शोधावाच लागतो! जवळपास अडीच मीटर रुंद कॅनव्हास हिमवादळाच्या काळ्या भोवऱ्याने व्यापलाय. खाली सैनिकांवर डोंगरी टोळ्या तुटून पडल्यात आणि पार क्षितिजावर, नखाएवढा, एक हत्ती. माझ्या मते हॅनिबलचं यापेक्षा थोर चित्र नाही. लंडनच्या टेट ब्रिटनच्या संग्रहात आहे.

पॅरिसच्या लूव्हरमध्ये शिल्पकार स्लोड्ट्झचा संगमरवरी हॅनिबल आहे. कॅनीच्या लढाईत मारल्या गेलेल्या रोमन सरदारांच्या अंगठ्या तो मोजतोय.

आणि हो, चित्रकार दाविदने रंगवलेलं, घोड्यावरून आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचं चित्र आठवतंय? त्यातल्या खडकावर हॅनिबलचंही नाव कोरलेलं आहे. झूम करून बघाच!