पालेर्मोची राजसभा आणि चार लिपींची शिला

मध्ययुग म्हटले की धर्मयुद्धांचाच कोलाहल आपल्या कानी येतो. परंतु त्याच काळी सिसिली बेटावर, ११३० मध्ये राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजर या नॉर्मन राजाने जी राज्यव्यवस्था उभारली, तिच्या दप्तरातून लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत फर्माने निघत, महसुलाचा कारभार अरबी धर्तीच्या दिवाणाकडे असे, आणि आरमाराचे आधिपत्य अँटिऑकच्या जॉर्ज या ग्रीक ख्रिस्ती सरदाराकडे होते. पालेर्मोच्या राजप्रासादातील प्रार्थनामंदिरात भिंतींवर बायझंटाईन शैलीची सुवर्णचित्रे झळकतात, आणि माथ्यावर इस्लामी परंपरेचे, मधाच्या पोळ्यासारखे कोरलेले रंगीत काष्ठछत पसरले आहे. याच राजाश्रयाखाली अल्-इद्रिसीने आपला विश्वविख्यात भूगोलग्रंथ ११५४ मध्ये सिद्ध केला.

मला मात्र या साऱ्या वैभवाहून एक लहानशी स्मृतिशिला अधिक मोलाची वाटते. ग्रिसांदुस नामक राजसेवेतील एका ख्रिस्ती पुरोहिताने आपल्या मातेच्या, अ‍ॅनाच्या, स्मरणार्थ ती ११४९ मध्ये घडविली. तिच्यावरील मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अशा चार लिपींत असून (हिब्रू लिपीतील भाषा मात्र अरबीच आहे) प्रत्येक लेखातील कालगणना त्या त्या समाजाची आहे. एका पुत्राचा शोक नगरातील सर्वांना वाचता यावा, ही केवढी उदात्त आकांक्षा!

हे सहजीवन निर्वेध नव्हते, आणि फार टिकलेही नाही. पुढे रॉजरचाच नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीतील मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे सक्तीने नेऊन वसविले.